मतीन बोलतोय

कैलास त्या संध्याकाळी पौडला फळं आणायला गेला होता. काम एवढंच. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घरी लक्ष्मीचा घट मांडलेला, आणि पाच फळांतली दोनच घरात सापडली म्हणून रत्नाबाईनं त्याला गाडीवर पिटाळलेलं. येताना धुपाची पुडी आण, एवढंही तिनं सांगितलं होतं.

रत्नाबाई म्हणजे माझी धाकटी बहीण आणि कैलास तिचा मुलगा, माझा भाचा. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी 'आबा, तुम्हाला हे कसं कळलं' असं विचारायचं नाही. बरंचसं कैलासनं सांगितलं. शेवटचं मी स्वतः पाहिलं. आरोही, तो फोन पालथा ठेव बाळा. तुझ्या तोंडावर उजेड पडतोय आणि ही गोष्ट सांगताना मला आधीच राग येतो. आज मुळशीत लाईट नाही ते बरंच आहे.

तर रिहे गावात रत्नाच्या घराला लागूनच बीबीजानचं घर. मधे फक्त मेंदीचं कुंपण. बीबीजानचा नवरा बाबालाल, त्याची पिठाची गिरणी होती. सगळ्या खोऱ्याचं दळण तिथं. बाबालाल जाऊन बरीच वर्षं झाली, गिरणीही बंद पडली, पण गिरणीचा फोन घरात राहिला. बीबीजानला लिहितावाचता येत नव्हतं. जगातला एकच नंबर तिला पाठ होता, तो त्या फोनचा.

गुरुवारला ती जुमेरात म्हणायची. दिवस मावळला की पुढचं दार सताड उघडायचं, निखाऱ्यावर लोबान टाकायचा, वाटीत काहीतरी गोड ठेवायचं, गेलेल्यांसाठी फातिहा म्हणायची. तिचं म्हणणं असं, की घरातली गेलेली माणसं जुमेरातीला दारापर्यंत येतात. दार उघडं दिसलं, वास आला, की समाधानानं जातात. दार बंद असलं की उंबऱ्यावर थांबतात आणि माघारी फिरतात. बाबालाल गेल्यापासून तिनं एक जुमेरात चुकवली नव्हती. तापानं फणफणलेली असली तरी भिंत धरून उठायची.

मार्गशीर्षात रत्नाचंही दार उघडं असायचं, लक्ष्मीसाठी. दोन्ही दारांतनं उजेड, इकडनं धूप, तिकडनं लोबान. रत्ना तिला चिडवायची, "बीबी, तुजा नवरा चुकून माज्या दारात आला तर गं?"

"च्या पाज आन् दे लावून हिकडं," बीबी म्हणायची. "त्येला तसाबी रस्ता कधी धड गावला न्हाई."

अशी बाई होती ती. आणि तिच्या पोटी हा मतीन.

मी त्याला वाईट म्हणत नव्हतो कधी. शिकला, हिंजवडीत लागला, आईला महिन्याचं सामान आणून टाकायचा. पण खोऱ्यात फार्महाऊसं उठली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, एका रात्रीचं भाडं देतात, आणि आपल्या घरात म्हातारी एकटी बसून असते. हे 'म्हातारी एकटी बसून असते' त्याचेच शब्द. तिच्याच घरात ती अडचण झाली होती.

बीबीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते झाल्यावर यानं तिला पुण्याकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. म्हणाला, अम्मी, घर रंगवून घेतो, रंगाची धूळ डोळ्यांत जाईल, थोडे दिवस इथं राहा, मग न्यायला येतो. घर रंगवलंही. पडदे लावले, गिरणीच्या खोलीत कॅरम ठेवला, दाराला नंबर दाबून उघडायचं कुलूप बसवलं आणि तो नंबर कैलासला दिला. पाहुणे आले की दार उघडायचं, गेले की झाडून बंद करायचं. मग कंपनीनं मतीनला जर्मनीला पाठवलं आणि बायकोपोरांना घेऊन तो गेला.

आईला सांगितलंच नाही. जर्मनी तिला काय कळणार, म्हणे. अरे, जर्मनी कळणार नाही, पण 'मी गावात नाही' एवढं तर कळलं असतं.

आता फोनचं नीट ऐका. फाटकावरच्या पाटीवर नंबर तोच, गिरणीचा. त्या फोनला मतीननं एक डबी जोडली. कुणी उचललं नाही की डबीतून त्याचा आवाज यायचा, "नमस्कार, मी मतीन बोलतोय. काय काम आहे ते सांगा." समोरचा माणूस जे बोलेल त्याची अक्षरं व्हायची आणि तिकडं त्याच्या मोबाईलवर जायची. लोकांना वाटायचं मालक घरात आहे, आणि मालक परदेशात ट्राममध्ये बसून वाचतोय. आठ जण येऊ का, कुत्रा चालेल का, चुलीवरची भाकरी मिळेल का. सगळं अक्षरांत. कानाला तोशीस नाही.

आणि त्या आश्रमातून, दर गुरुवारी, बीबीजान घरी फोन लावायला सांगायची.

तिथं गौतमी म्हणून एक मुलगी होती, ती नंबर फिरवून द्यायची आणि फोन तिच्या हातात देऊन आपल्या कामाला जायची. बीबीला काय ऐकू यायचं? मी मतीन बोलतोय. काय काम आहे ते सांगा. बीबी सांगायची. मतीन, आज जुमेरात हाय. दार उघडलंस का? अब्बा येत्याल. लोबान फळीवरच्या डब्यात हाय बग. मला न्यायला कदी येतुयास? सांगायची, आणि थांबायची. त्यानं बोलावं म्हणून.

गौतमीनंच मला हे पुढं सांगितलं. म्हणाली, आजी फोन परत देताना दर वेळी एकच म्हणायच्या, "मतीन ऐकून घेतो, बोलत न्हाई. रागावलाय माज्यावर."

थांबा जरा. पाणी द्या मला.

मतीननं यातलं काय केलं? वाचलं. कैलासला पुढं पाठवलं, खाली लिहिलं, 'अम्मीचं चालूच आहे.' तो निरोप कैलासच्या फोनवर मी पाहिलाय. स्वच्छ अक्षरं, जिथल्या तिथं पूर्णविराम. ती जिथं रडली होती तिथं यंत्राला शब्द सापडले नव्हते, म्हणून त्यानं नुसती टिंबं टाकली होती. 'मला न्यायला कधी येतोस. … … …' अशी.

कैलासनं त्याला विचारलं होतं, "मतीन, मी लावू का लोबान? दार उघडून घटकाभर बसतो."

"नको रे," तो म्हणाला. "पडद्यांना वास बसतो. शनिवारी पाहुणे आहेत."

आणि कैलास गप्प बसला. त्याच्याही हातात त्या कुलपाचा नंबर होता. मी त्यालाही सोडलेलं नाही, त्याला विचारा.

कार्तिक सरता सरता बीबीजान गेली. झोपेतच. शनिवार होता. पौडची भावकीतली चार माणसं आणि कैलास आश्रमात गेले. मयत आधी घरी न्यायची, तिच्या अंगणात अंघोळ घालायची, तिच्या दारातून बाहेर काढायची, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मतीनला कळवलं. त्याला रजा नव्हती. त्याचं उत्तर आलं, तेही अक्षरांत. 'घरात पाहुणे आहेत. थेट कबरस्तानात न्या.'

नेली. काय करणार? आम्ही पौडला तिच्यावर माती टाकत होतो आणि रिह्यात तिच्या अंगणात स्पीकर लावून कोणाचा तरी वाढदिवस चालू होता.

म्हणजे ती बाई घरातून निघाली ती ऑपरेशनला. परत तिनं तो उंबरा पाहिला नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी कैलास झाडलोट करत होता तेव्हा घरातला फोन वाजला. त्यानं उचलला नाही. डबीतून आवाज आला, मी मतीन बोलतोय. कैलासला तो आवाज सहन होईना. त्यानं रागानं फोनची वायर भिंतीतून उपटली, गुंडाळली आणि कोपऱ्यात फेकली. मतीनला सांगितलं नाही. सांगायचं कशाला? त्यानं कोणाला काय सांगितलं होतं?

झालं. आता त्या गुरुवारकडे येतो.

पौडला एसटी स्टँडासमोर कैलास फळं पिशवीत भरत होता. दिवस मावळून गेला होता. थंडी मरणाची. फोन आला, मतीनचा. एरवी मेसेज करणारा माणूस, त्यानं फोन केला.

"कैलास, घरी जा. दार उघड."

"आज गुरुवार हाय. आज कोन पाहुणं?"

"पाहुणे नाहीत." मतीनचा आवाज बसलेला होता. "तू जा फक्त. आत्ता."

"झालं काय ते तर सांग."

मग मतीननं सांगितलं. अम्मी गेल्यानंतरच्या पहिल्या जुमेरातीला घरच्या नंबरावरून निरोप आला होता. 'मतीन, मी घरी आले. दार उघड.' त्याला वाटलं, जुना असेल, यंत्रात अडकून उशिरा आला. दुसऱ्या जुमेरातीला आला, 'दार बंद आहे.' तेवढाच. त्यानं आश्रमाला फोन केला, तिथली माणसं उलट त्याच्यावरच चिडली. तिसऱ्याला पुन्हा तेच. आणि आज, आत्ता, ऑफिसात बसलेला असताना…

"वाच," कैलास म्हणाला.

"'मतीन, आम्ही दोघं दारात उभे आहोत. फार थंडी आहे.'"

कैलासनं पिशवी खाली ठेवली.

"मतीन, त्या फोनची वायर म्या कवाच काढलीया," तो म्हणाला. "तितनं तुला काय येणारच न्हाई."

त्यानं पिशवी उचलून गाडीला अडकवली.

"ऐकतुयास न्हवं?"

"जा," मतीन म्हणाला.

कैलास मला म्हणाला, मामा, तवा मला भ्या न्हाई वाटलं, राग आला. जिवंत होती तवा दर आठवड्याला दार उघड म्हनत होती. आता उघडतुयास व्हय? पण तो निघाला. मतीनसाठी नाही. 'फार थंडी आहे' हे त्याच्या डोक्यातून जाईना.

भातं निघून गेली होती. दोन्ही अंगाला नुसती खाचरं आणि पेंढ्याच्या गंज्या. रस्त्याला कुत्रंही नव्हतं. रिह्यात पोचला तेव्हा रत्नाचं दार उघडं होतं, घटापुढं समई. शेजारचं घर काळंठिक्कर.

रत्नानं फळं घेतली. म्हणाली, "अरं, बीबीच्या घरात फोन वाजतुया मगाधरनं. बंद होतुया, पुन्ना वाजतुया. बग की कोन हाय ते."

कैलासनं धुपाची पुडी तेवढी पिशवीतनं काढून खिशात घातली. रत्नाच्या चुलीतले दोन निखारे मातीच्या परळात घेतले. कुंपणाला वळसा घालून गेला.

फोन वाजत होता.

मोबाईल त्यानं पौडपासून चालूच ठेवला होता, तो कानाला लावला, पलीकडं मतीन होताच. "काय वाजतंय?" त्यानं विचारलं.

"तुजा फोन."

घंटा थांबली. बंद दाराआड, अंधारात, आवाज आला. नमस्कार. मी मतीन बोलतोय. काय काम आहे ते सांगा.

एका कानात जर्मनीतला मतीन धापा टाकत होता. दुसऱ्या कानाला घरातला मतीन काम विचारत होता.

मग शांत झालं. डबीसमोर जणू कुणी बोलत असावं, तेवढा वेळ शांत. कैलासनं कान दिला. काहीही नाही. शब्द नाही. श्वास नाही.

टिंग झालं. ते जर्मनीत.

"कैलास…"

"काय?"

"आलाय निरोप."

"वाच."

"'कैलास आलाय.'"

कैलासनं मागं वळून पाहिलं नाही. त्याला वळताच आलं नाही. दारासमोर तोच उभा होता. उंबऱ्याला पाठ लावून नाही, तोंड करून. म्हणजे जे कोणी दारात उभं होतं, ते…

त्यानं नंबर दाबला. कुलपाला हिरवा दिवा लागला. दार लोटलं. आत रंगाचा वास, बंद घराचा गारवा. उंबऱ्याबाहेरूनच मोबाईलचा उजेड पाडला. फोन मेजावर. वायर कोपऱ्यात. गुंडाळलेली. त्यानं फेकली होती तशीच.

आणि फोन पुन्हा वाजला.

नमस्कार. मी मतीन…

शांत.

टिंग.

"वाच," कैलास म्हणाला. मतीन वाचेना. "मतीन, वाच म्हनतो ना."

"'त्याला…'"

"त्याला काय?"

"'त्याला बाजूला व्हायला सांग.'"

कैलास बाजूला झाला. पाठ बाहेरच्या भिंतीला टेकली. त्यानं परळ उंबऱ्यावर ठेवला आणि पुडीतला धूप त्यावर टाकला. लोबान नव्हता. लक्ष्मीचा धूप होता. तोंडातून एवढंच निघालं, "चाची… या. चाचा, या."

वारा नव्हता. धूर सरळ वर चालला होता.

मग तो आत वाकला. कुणीतरी जवळून गेल्यावर वाकतो तसा. पुन्हा सरळ झाला.

थोडा वेळ गेला…

पुन्हा वाकला.

म्हणजे दोघंही.

कैलासनं पाहिलं ते एवढंच. कोणी दिसलं नाही, पांढरं काही नाही, पैंजण नाहीत. दार हळूच लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. जुनी लोखंडी कडी, बाबालालनं लोहाराकडून करून घेतलेली. ती आत लोटायला जोर लागायचा, बीबीजान दोन्ही हातांनी लोटायची.

"कैलास, काय झालं? बोल ना. कैलास, बोल."

कैलासनं ऐकून घेतलं. बोलला नाही. फोन बंद केला.

आठवड्याच्या आत मतीन आला. आता मात्र रजा मिळाली. मी त्या दिवशी रत्नाकडेच होतो. विमानतळावरून तडक आलेला, दाढी वाढलेली, अंगात तिकडचा जाड कोट. त्यानं नंबर दाबला. हिरवा दिवा लागला. दार हललं नाही. पुन्हा दाबला. पुन्हा दिवा. आतून कडी.

"फोडायला कुणाला तरी बोलवा," तो म्हणाला.

"मी फोडणार न्हाई आन् गावातलं दुसरं कुणीबी फोडणार न्हाई," कैलास म्हणाला.

मग तो दारावर हात मारायला लागला. आधी साधा, मग मुठीनं. "अम्मी, दार उघड. अम्मी, मी आलोय."

त्याच्या कोटात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला आणि माझ्याकडे धरला. मी चष्मा लावून वाचलं. वर नाव होतं, 'घर'. खाली, 'अम्मी, दार उघड. अम्मी, मी आलोय.'

त्याचेच शब्द. दाराच्या आतून त्याच्याकडे परत आलेले. जागच्या जागी पूर्णविराम.

तो पायरीवर बसला. मी त्याला उठवलं नाही आणि धीरही दिला नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याची कीव आली नाही. दिवस मावळला. कुंपणापलीकडं रत्नानं दिवा लावला.

बऱ्याच वेळानं तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, ऐकतीय ती सगळं. बोलत न्हाई. रागावलीय माझ्यावर."

गौतमीनं मला काय सांगितलं होतं ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही.

आम्ही तिघं गप्प बसून होतो. तो एक अक्षरही बोलत नव्हता, कैलास नाही, मी नाही. तरी फोन वाजला. पायरीवर पडलेला, आपोआप उजळला. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं.

वर लिहिलं होतं, 'घर'. खाली शब्द एकही नव्हता.

… … …